नऊ नंबरच्या पुढे उभे राहणारे पाच जण : सिनसिनाटी बेंगल्सच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मालक कुटुंब व खेळाडू-निवड विभाग,
सिनसिनाटी बेंगल्स,
सिनसिनाटी, ओहायो

विषय : क्वार्टरबॅकच्या जिवावर संघ चालवण्याचे धोरण बदलण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

रविवार, २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्याच मैदानावर शिकागो बेअर्सविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचे शेवटचे मिनिट सुरू असताना आपला संघ ४२-४१ असा पुढे गेला. आमच्या रांगेतली अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. त्यानंतर १७ सेकंद उरली असताना शिकागोच्या नवख्या खेळाडूने चेंडू झेलला, आडव्या आलेल्यांना झटकले आणि ५८ यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू आपल्या टोकाच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळवले. आपण ४७-४२ असे हरलो. त्याच्या आदल्या रविवारी, २६ ऑक्टोबरला, तोपर्यंत सातही सामने हरलेल्या न्यूयॉर्क जेट्सनी याच मैदानावर आपल्याला ३९-३८ असे हरवले होते. दोन आठवड्यांत आपल्या संघाने घरच्या मैदानावर ८० गुण केले आणि दोन्ही सामने गमावले. या आठवड्यात संघाला सुट्टी आहे, नऊपैकी तीन विजय आणि सहा पराभव पदरी आहेत, आणि आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा नऊ नंबरचा जो बरो, दुखापतीमुळे बाहेर बसलेला आहे. गेली सहा वर्षे जे मनात साठले आहे ते आता लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत मी आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. मराठीत ते यासाठी लिहिते आहे की ओहायो नदीच्या दोन्ही काठांवर राहणारी कितीतरी मराठी कुटुंबे आता हा खेळ मनापासून पाहतात, दिवाळीच्या फराळाला जमल्यावरही त्यांच्यात वाद होतो तो याच संघावरून, आणि त्यांच्या मनातले त्यांच्याच भाषेत कुठेतरी नोंदले जावे असे मला वाटते.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगते. मी मूळची कऱ्हाडची. कॉलेजात असताना जिल्हा पातळीपर्यंत कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यावर उभी राहत असे. २००३ साली नोकरीसाठी या शहरात आले आणि तेव्हापासून फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. माझे रोजचे काम गुडघे, घोटे आणि खांदे पुन्हा उभे करण्याचे आहे. बेंगल्सची हंगामी तिकिटे आमच्या घरात तेरा वर्षांपासून आहेत, वरच्या मजल्यावरची, जिथे डिसेंबरात नदीवरचा वारा थेट तोंडावर येतो. तिकिटाखेरीज मी आणखी एका मार्गाने या संघाला पैसे देते. १९९६ मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी विक्रीकरात अर्ध्या सेंटची वाढ मंजूर केली आणि त्या पैशातून २००० साली हे स्टेडियम उभे राहिले. मी मुलीसाठी हिवाळी बूट घेते किंवा घरात नवा कुकर आणते तेव्हा त्या पावतीत आपला वाटा असतो. याच वर्षी आपण २०३६ पर्यंतचा नवा भाडेकरार केलात, आणि स्टेडियमच्या ४७ कोटी डॉलरच्या नूतनीकरणात ३५ कोटींचा भार काउंटीने उचलायचा असे ठरले. त्यामुळे हा आपला खासगी व्यवसाय आहे, प्रेक्षकांनी सल्ला देऊ नये, असे आपण म्हणणार नाही अशी मी आशा करते.

१५ जानेवारी २०२२ ची रात्र मी विसरणार नाही. रेडर्सविरुद्ध २६-१९ असा विजय मिळाला आणि प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या, विजयासाठीची ३१ वर्षांची प्रतीक्षा संपली. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या अंगात तीन स्वेटरांच्या वरून नऊ नंबरची जर्सी होती, आणि आमच्या मागे बसणारे सत्तरीचे गृहस्थ हातमोज्यात तोंड लपवून रडत होते. बरो हा मुलगा ओहायोच्याच अथेन्स भागातला, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार स्वीकारताना आपल्या भागातल्या उपाशी मुलांबद्दल बोललेला. त्याला २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडून आपण या शहराला जे दिलेत त्याबद्दल मी ऋणी आहे. त्याला २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी २७.५ कोटी डॉलरचा करार दिलात, तोही योग्यच केलात. माझे म्हणणे त्याच्या पगाराविरुद्ध नाही. असा खेळाडू हाती आल्यावर बाकीचा संघ बांधण्याची जबाबदारी आपण झटकली, हे माझे म्हणणे आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांबद्दल आहे. हा खेळ न पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी इतकेच सांगते की क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आल्यावर त्याला फेकायला साधारण अडीच-तीन सेकंद मिळवून देणे हे या पाच जणांचे काम. प्रेक्षक त्यांच्याकडे पाहत नाहीत आणि मुले त्यांच्या नावाची जर्सी क्वचितच मागतात. मला मात्र पहिल्या सामन्यापासून त्यांच्याकडेच पाहायची सवय लागली, कारण ती ओळ पाहून मला आमची कबड्डीतली साखळी आठवली. साखळीतल्या दोघींपैकी एकीने अर्धे पाऊल आधी टाकले तर चढाई करणारी मधून निसटते, मग कोपऱ्यावरची कितीही तयारीची असो. पाच जणांच्या या ओळीचेही तसेच आहे. चार उत्तम आणि एक कच्चा असेल, तर समोरचा प्रशिक्षक पूर्ण दुपार त्या एका कच्च्या जागेवरच माणसे सोडतो.

आकडे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत, पण वाचकांसाठी ते लिहिणे भाग आहे. २०२० मध्ये बरोला पहिल्या दहा सामन्यांत ३२ वेळा चेंडूसकट पाडले गेले (याला इथे ‘सॅक’ म्हणतात), आणि दहाव्या सामन्यात, वॉशिंग्टनला, त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. गुडघा नुकताच बरा होऊन तो २०२१ मध्ये परतला, तेव्हा नियमित हंगामात त्याला ५१ वेळा पाडले गेले, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. त्यानंतर प्लेऑफच्या चार सामन्यांत आणखी १९ वेळा. टेनेसीविरुद्धच्या एका सामन्यात नऊ वेळा पडूनही तो जिंकून आला. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सात वेळा पडला, आणि शेवटच्या निर्णायक चेंडूवर लॉस एंजेलिस रॅम्सचा आरन डोनाल्ड त्याच्या अंगावर पोहोचला तेव्हा त्याला नीट फेकताही आले नाही. तो सामना आपण २३-२० असा गमावला. दोन-तीन सेकंद आणखी मिळाली असती तर काय झाले असते, याची चर्चा या शहरात अजून होते.

आपण काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते खोटे ठरेल. २०२२ मध्ये आपण बाहेरून तीन अनुभवी खेळाडू या फळीत आणले, २०२३ मध्ये ऑर्लँडो ब्राउन यांना चार वर्षांसाठी ६.४ कोटी डॉलरचा करार दिला, २०२४ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड अमेरियस मिम्स यांच्यासाठी वापरली. परंतु २०२२ च्या प्लेऑफमध्ये पाचपैकी तिघे जखमी झाले तेव्हा त्यांच्या जागी उभे राहायला तयार माणसेच नव्हती, आणि कॅन्सस सिटीतला उपांत्य सामना पुन्हा २३-२० अशाच फरकाने हातून गेला. अशा ओळीत जखमी होणे ही अपवादाची गोष्ट नाही. सव्वाशे-दीडशे किलोची माणसे दर रविवारी साठ-सत्तर वेळा एकमेकांवर आदळतात, तेव्हा सातवा आणि आठवा माणूस किती तयार आहे यावर हंगाम ठरतो. आपण दरवर्षी पाच जागा कशाबशा भरता आणि पुढच्या तीन जागांवर खोगीरभरती करता.

या वर्षी १४ सप्टेंबरला जॅक्सनव्हिलविरुद्ध जे झाले ते मी माझ्या जागेवरून पाहिले. दुसऱ्या चतुर्थकात बरो पाडला गेला, उठू लागला आणि डाव्या पायावर भार टाकताच खाली बसला. स्टेडियममधला आवाज पंखा बंद करावा तसा गेला. ज्या दुखापतीला इथे ‘टर्फ टो’ म्हणतात ती ऐकायला किरकोळ वाटते, पायाच्या अंगठ्याचे दुखणे एवढीच. प्रत्यक्षात अंगठा जमिनीला टेकलेला असताना टाच उचलली जाऊन अंगठ्याचे मूळ मर्यादेबाहेर मागे वाकते आणि त्याच्या खालचे अस्थिबंध फाटतात. तिसऱ्या श्रेणीची दुखापत म्हणजे ते पूर्ण फाटलेले. उजव्या हाताने फेकणारा माणूस डावा पाय पुढे रोवतो आणि फेकताना सगळा भार त्याच पायाच्या पुढच्या भागावर येतो. पंचवीस-तीस यार्डांच्या फेकीची सुरुवात तिथून होते. माझ्याकडे येणाऱ्या शाळकरी खेळाडूंना मी टॉवेल जमिनीवर पसरून तो पायाच्या बोटांनी ओढायला लावते, आणि पहिल्या आठवड्यात सोळा वर्षांच्या धडधाकट मुलांच्या डोळ्यांत त्या टॉवेलने पाणी येते. त्या दिवशी आपण ३१-२७ असा सामना जिंकलो, पण पार्किंगच्या जिन्यावरून उतरताना कोणी बोलत नव्हते.

२०२३ मधली त्याची मनगटाची दुखापत फळीच्या माथी मारणे योग्य होणार नाही, आणि तो कधीकधी चेंडू गरजेपेक्षा जास्त वेळ हातात ठेवतो हेही मला मान्य आहे. तरीही सहा हंगामांपैकी तीन हंगाम शस्त्रक्रियेने तोडले जातात, तेव्हा त्याला नशीब म्हणून सोडून देणे मला पटत नाही. क्वार्टरबॅक अँड्र्यू लक यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे, इथून दोन तासांच्या अंतरावरचे. २०१२ मध्ये इंडियानापोलिसने त्यांना पहिल्या क्रमांकावर निवडले, वर्षानुवर्षे कमकुवत फळीच्या मागे उभे केले, आणि २०१८ मध्ये जेव्हा क्वेंटन नेल्सन यांच्यासारखा खेळाडू पुढे आणला तेव्हा वरातीमागून घोडे आले होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, दुखापत, उपचार आणि पुन्हा दुखापत या फेऱ्याला कंटाळून लक निवृत्त झाले. बरो येत्या डिसेंबरात २९ वर्षांचा होतो आहे. हे लिहिताना माझा हात अडखळतो.

दुसरी तक्रार बचावाची. २०२४ चा हंगाम हा खरे तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा. त्या वर्षी बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन फेकले, दोन्हींत तो लीगमध्ये पहिला. त्याच्या फेकी झेलणाऱ्या जमार चेस याने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत पहिला क्रमांक मिळवला. आणि आपला संघ प्लेऑफला पोहोचला नाही. वॉशिंग्टनविरुद्ध आपण ३३ गुण करून हरलो, बाल्टिमोरविरुद्ध एकदा ३८ आणि एकदा ३४ करून हरलो, पिट्सबर्गविरुद्ध ३८ करून हरलो. असे चार सामने गमावल्यावर वर्षाअखेरीस आपण बचावाचे प्रशिक्षक बदललेत. प्रशिक्षक बदलून किती फरक पडला ते या वर्षीच्या नऊ सामन्यांनी दाखवले आहे : प्रतिस्पर्ध्यांना दिलेले गुण बरोबर ३००, म्हणजे सामन्यामागे तेहतीसहून अधिक.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम मांडायची आहे, कारण रेडिओवरच्या चर्चांत ती निसटते. सगळा पैसा आक्रमणावर गेला म्हणून बचाव दुबळा राहिला, हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. बरो, चेस आणि फेकी झेलणारा दुसरा खेळाडू टी हिगिन्स यांच्या करारांची वार्षिक सरासरी मिळून सुमारे १२.४ कोटी डॉलर होते, आणि लीगने प्रत्येक संघाला घातलेली २०२५ ची वेतनमर्यादा २७.९२ कोटी आहे. हिशेबाच्या वह्यांत ती रक्कम वर्षावर्षांत वेगळी विभागली जाते हे मान्य केले, तरी भार मोठा आहे. पण बचावासाठी आपण ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी तर खर्च केल्या आहेत. २०२२ ची पहिली निवड बचावाची, २०२३ ची पहिली बचावाची, २०२५ ची पहिलीही बचावाचीच. म्हणजे इच्छा होती, निवड चुकली किंवा निवडलेल्या मुलांना घडवता आले नाही. या वर्षी पहिल्या निवडीवर घेतलेल्या शेमार स्ट्युअर्टने कॉलेजच्या तीन वर्षांत मिळून साडेचार सॅक केले होते. त्याच्या अंगी ताकद आणि वेग आहे हे कोणीही मान्य करील, पण ज्या संघाला उद्या सकाळी क्वार्टरबॅकवर दबाव आणणारा माणूस हवा आहे त्याने चार वर्षांनी फळणारे रोप लावायचे का? त्यातही त्याच्या करारातल्या हमीच्या एका कलमावरून आपण जुलै संपत येईपर्यंत वाद घातलात, आणि त्या नवख्या मुलाचे सरावाचे मोलाचे आठवडे वाया गेले.

आपला खेळाडू-शोध विभाग लीगमधल्या सर्वांत लहान विभागांपैकी एक आहे, हे या शहरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मोजकी माणसे देशभरातल्या शेकडो कॉलेज खेळाडूंचे किती सामने प्रत्यक्ष पाहू शकतील? पहिल्या दहांतली निवड असेल तर ती कोणालाही दिसते. बरो आणि चेस तसे दिसले. विजेते संघ ज्या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या फेरीतल्या मुलांवर उभे राहतात ती शोधायला पाय झिजवणारी माणसे लागतात, आणि त्या माणसांच्या पगारावर कोणतीही वेतनमर्यादा नाही.

तिसरी तक्रार, थोडक्यात : जे चांगले बचावपटू आपल्याकडे होते त्यांना आपण जपले नाही. जेसी बेट्स आणि व्हॉन बेल ही मागच्या फळीतली जोडी सुपर बोलपर्यंत घेऊन गेली होती. २०२३ मध्ये दोघेही एकदम गेले. मधल्या फळीचा आधार असलेले डी. जे. रीडर २०२४ मध्ये डेट्रॉइटला गेले. ट्रे हेंड्रिक्सन यांनी सलग दोन वर्षे साडेसतरा सॅक केले, २०२४ मध्ये ते लीगमध्ये पहिले होते, तरी त्यांच्याशी दीर्घ करार न करता ऑगस्टच्या शेवटी एका वर्षाची पगारवाढ देऊन आपण प्रश्न पुढे ढकललात.

आपल्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद येतो की क्वार्टरबॅकला एवढा पगार दिल्यावर बाकीचे जमणे कठीणच. तो मी गंभीरपणे घेते, कारण त्यात तथ्य आहे. पण मग फिलाडेल्फियाने काय केले? त्यांचे क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स यांचा करार पाच वर्षांचा आणि २५.५ कोटी डॉलरचा आहे, बरोपेक्षा फार कमी नव्हे. तरी फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्यांनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवले, तिथले क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स यांना सहा वेळा पाडले, आणि त्यासाठी पुढच्या चार जणांखेरीज एकही जादा माणूस अंगावर सोडला नाही. फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक त्या रात्रीही उत्तम खेळला; पण सामना दोन्ही फळ्यांनी जिंकला, आणि त्या फळ्या मुख्यतः अनेक वर्षांच्या ड्राफ्टमधून, चिकाटीने, एकेक माणूस जोडत बांधलेल्या होत्या.

महोम्स यांच्याच संघाकडे पाहावे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलला त्यांच्या फळीच्या दोन्ही टोकांचे खेळाडू जखमी होते, आणि जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक रात्रभर जीव मुठीत घेऊन पळत राहिला. ३१-९ असा पराभव झाला, एकही टचडाउन नाही. त्यानंतर सात महिन्यांत त्यांनी पाचही जागांवर नवी माणसे उभी केली. त्यांत क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीतले आणि ट्रे स्मिथ सहाव्या फेरीतले. पुढच्या वर्षी टायरीक हिलसारखा रिसीव्हर (फेकी झेलणारा खेळाडू) त्यांनी मायामीला देऊन टाकला आणि बदल्यात मिळालेल्या निवडींतून बचाव तरुण केला. नंतरच्या दोन्ही सुपर बोल त्यांनी जिंकल्या. आपल्याला त्यांच्यानंतर एका वर्षाच्या अंतराने तोच धडा सुपर बोलमध्ये मिळाला होता.

जुन्या गोष्टींतली एकच सांगते, कारण तिच्यात माणूस तोच आहे. २०१३ मध्ये डेन्व्हरचे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यांनी ५५ टचडाउन फेकले, डेन्व्हरने ६०६ गुणांचा विक्रम केला, आणि सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटलच्या बचावापुढे ते ४३-८ असे कोसळले. दोन वर्षांनी, कारकिर्दीच्या अखेरच्या हंगामात, मॅनिंग यांचे टचडाउन अवघे नऊ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडलेल्या फेकी सतरा होत्या. त्या वर्षी डेन्व्हर सुपर बोल जिंकले, कारण मधल्या काळात त्यांनी बचाव बांधला होता आणि बचावपटू व्हॉन मिलर त्या सामन्याचे मानकरी ठरले.

आणि आपल्याच इतिहासात अँथनी मुन्योझ आहेत. १९८१ आणि १९८८ च्या हंगामांत हा संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला तेव्हा क्वार्टरबॅक वेगवेगळे होते. फळीच्या डाव्या टोकाला, म्हणजे डाव्या टॅकलच्या जागी, मुन्योझ दोन्ही वेळा होते.

ऑक्टोबरात आपण क्लीव्हलँडकडून चाळीस वर्षांचे क्वार्टरबॅक जो फ्लॅको यांना आणलेत. लागोपाठ पराभव झाल्यावर आणि राखीव खेळाडू कमी पडतो हे साऱ्या देशाने पाहिल्यावर उचललेले ते पाऊल होते, तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे. त्या गृहस्थांनी मात्र कमाल केली. आल्यानंतर काही दिवसांत त्यांनी पिट्सबर्गला हरवले, शिकागोविरुद्ध चार टचडाउन फेकले. मी त्यांचे मनापासून आभार मानते, कारण त्यांच्यामुळे वादाला जागाच उरली नाही. चाळिशीतला, नुकताच आलेला क्वार्टरबॅक दोन आठवड्यांत ८० गुण उभारून देतो आणि तरी संघ हरतो, तेव्हा संघाला कशाची उणीव आहे हे पुन्हा विचारावे लागत नाही.

आता माझ्या मागण्या.

२०२६ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या किमान दोन निवडी फळ्यांसाठी वापराव्यात, एक आक्रमणाच्या आणि एक बचावाच्या, आणि त्या निवडताना कॉलेजच्या मैदानावर प्रत्यक्ष केलेल्या कामगिरीला प्राधान्य द्यावे. आक्रमक फळीत पाचऐवजी आठ जणांना खेळण्यायोग्य समजून करार करावेत.

खेळाडू-शोध विभागात माणसे वाढवावीत आणि किती वाढवली ते जाहीर करावे.

आपल्याकडे घडलेल्या बचावपटूंशी त्यांचा करार संपण्याच्या एक वर्ष आधी बोलणी सुरू करावीत, आणि पहिल्या वर्षानंतरच्या हमीबाबत जो हात आखडता घेतला जातो, ज्याबद्दल इथली वृत्तपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत, तो चेस यांच्या बाबतीत जसा सैल केलात तसा बचावासाठीही करावा.

चौथी मागणी मी फिजिओथेरपिस्ट म्हणून करते. बरो पुन्हा कधी खेळणार याचा निर्णय गुणतालिका पाहून घेतला जाऊ नये. पायाचा अंगठा दुखत असताना खेळणारा माणूस नकळत चाल बदलतो, भार बाहेरच्या कडेवर घेतो, आणि मग दुसऱ्या पायाचा गुडघा किंवा कंबर त्याची किंमत चुकवते. त्याचा एक गुडघा आधीच दुरुस्त केलेला आहे. तो स्वतः घाई करील, कारण त्याचा स्वभावच तसा आहे. त्याला थांबवणारा माणूस आपल्याकडे असला पाहिजे, आणि ज्याच्या शब्दापुढे मालकही जाणार नाहीत एवढा अधिकार त्या माणसाला असला पाहिजे.

शेवटची मागणी अशी की हंगाम संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत खेळाडू-निवडीची जबाबदारी असलेल्यांनी लोकांसमोर बसावे आणि गेल्या सहा वर्षांतल्या बचावाच्या निवडींपैकी कोणत्या चुकल्या व का, हे सांगावे. प्रशिक्षक दर आठवड्याला पत्रकारांसमोर उभे राहतात, खेळाडू पराभवानंतर कपाटासमोर उभे राहून प्रश्नांना उत्तरे देतात. संघ ज्यांनी निवडला ते मात्र वर्षातून मोजक्याच वेळा दिसतात.

हंगामी तिकिटांच्या नूतनीकरणाचा अर्ज हिवाळा संपता संपता आमच्या घरी येईल. माझ्या मुलीची नऊ नंबरची जर्सी तिला आता लहान होते, बाह्या कोपरापर्यंतही पोहोचत नाहीत. गेल्या रविवारी घरी परतताना ती म्हणाली, “आई, मला पुढच्या वर्षी डाव्या टॅकलची जर्सी घे.” मी तिला दुकानात घेऊन गेले. मांडणीवर बरो, चेस आणि हिगिन्स यांच्या जर्सी ओळीने लावलेल्या होत्या. फळीतल्या पाच जणांपैकी एकाचीही तिच्या मापाची जर्सी तिथे नव्हती, मागवावी लागेल असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. आम्ही ती मागवून आलो आहोत.

कळावे,

आपली विश्वासू,
वरच्या मजल्यावरची एक हंगामी तिकीटधारक
सिनसिनाटी, नोव्हेंबर २०२५